सोनेगाव ते लोहगाव ६०४ किलोमीटर, मग वेळ किती?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच गोष्टीभोवती फिरत होती : दोन विमानतळांमधले अंतर नेटवर एक दिसते, तिकिटावरची वेळ भलतीच असते आणि प्रत्यक्षात तिसरेच काही घडते. म्हणून हे पान त्यासाठीच ठेवले आहे. सगळी अंतरे विमानतळ ते विमानतळ, हवाई रेषेने धरली आहेत.

प्रश्न : मुलगी पुण्यात नोकरीला असल्यामुळे आमचे विमानाने येणेजाणे असते. नेटवर नागपूर-पुणे अंतर ६०४ किलोमीटर आणि उड्डाण ४३ मिनिटांचे दिसते. तिकिटावर १ तास २५ मिनिटे छापलेली असतात. वैमानिक घोषणा करतो ती ५५ मिनिटांची. यातले खरे काय धरायचे? (त्रिमूर्ती नगर)

तिन्ही आकडे बरोबर आहेत. फक्त ते वेगवेगळ्या गोष्टी मोजतात.

४३ मिनिटे हा निव्वळ भागाकार आहे. ६०४ किलोमीटरला ताशी ८४० किलोमीटर या वेगाने भागले की तेवढे येतात. ए३२० जातीचे विमान उंचीवर स्थिरावल्यावर साधारण याच वेगाने जाते हे खरे, पण नागपूर-पुणे प्रवासात ते तसे स्थिरावते जेमतेम पाव तास. बाकी सगळा वेळ ते चढत तरी असते किंवा उतरत तरी असते, आणि त्या दोन्ही टप्प्यांत वेग कमी असतो. १० हजार फुटांच्या खाली साधारणपणे २५० नॉटची, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटरची मर्यादा पाळावी लागते.

नेहमीच्या दिवशी हिशेब साधारण असा बसतो. सोनेगावहून, म्हणजे नागपूर विमानतळावरून, उडाल्यावर ३२-३४ हजार फूट गाठायला १९-२० मिनिटे लागतात आणि तोवर सुमारे १९० किलोमीटर मागे पडलेले असतात. पुढचे २१० किलोमीटर सरळ उड्डाण, १५ मिनिटांचे. मग उतरण. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, आणि दर सागरी मैलाला ३०० फूट खाली येणे हा वैमानिकांचा जुना ठोकताळा आहे. त्या हिशेबाने ३४ हजार फुटांवरून उतरायला पुण्याच्या २०० किलोमीटर आधीपासूनच सुरुवात करावी लागते. त्यात २० मिनिटे जातात. हे झाले ५५. वैमानिक जे सांगतो ते हेच, चाके जमिनीवरून उचलल्यापासून ती पुन्हा टेकेपर्यंतची, सरळ उतरता आले तर लागणारी वेळ.

तिकिटावरची वेळ याहून वेगळी. तिला विमान कंपन्या ब्लॉक टाइम म्हणतात. ती सुरू होते विमान जागेवरून हलते तेव्हा आणि संपते ते पुण्यात जागेवर येऊन थांबते तेव्हा. म्हणजे पुशबॅक (विमान जागेवरून मागे ढकलणे), इंजिने सुरू करणे आणि धावपट्टीच्या टोकापर्यंत जाणे यांची १० मिनिटे, पुण्यात धावपट्टीच्या रेषेत येण्यासाठी घ्यावी लागणारी ५ मिनिटांची वळणे आणि उतरल्यावर पार्किंगपर्यंतची ५ मिनिटे. एकूण झाली ७५. उरलेली १० मिनिटे कंपनी हाताशी राखून ठेवते. उशीर झाला तर दिवसभरातल्या पुढच्या फेऱ्या कोलमडतात, कारण तेच विमान पुण्याहून लगेच तिसरीकडे जाणार असते.

पुण्याच्या बाबतीत ही राखीव मिनिटे गरजेचीच आहेत. लोहगावचा विमानतळ मुळात हवाई दलाचा तळ आहे, धावपट्टी एकच आहे आणि लढाऊ विमानांचा सराव चालू असेल तर प्रवासी विमानांना थांबावे लागते. शिवाय धावपट्टीची दिशा १०/२८, म्हणजे साधारण पूर्व-पश्चिम आहे. नागपूरहून येणारे विमान पूर्व-ईशान्येकडून येते. वारा पश्चिमेचा असेल तर धावपट्टी २८ वर, म्हणजे पश्चिमेकडे तोंड करून, ते जवळजवळ सरळ उतरते. वारा पूर्वेचा असेल तर शहराला वळसा घालून पश्चिमेकडून यावे लागते आणि त्यात ३०-४० किलोमीटर व ५ ते ८ मिनिटे वाढतात. "पुणे दिसायला लागले तरी विमान उतरेना" असे आणखी दोन वाचकांनी लिहिले आहे, त्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते.

तुमच्या सोयीचा आकडा तिकिटावरचाच. आणायला येणाऱ्या मुलीला मात्र तिकिटावरच्या वेळेत २० मिनिटे मिळवून सांगा. विमान थांबणे, दार उघडणे, उतरणे आणि पट्ट्यावर बॅग येणे यांत तेवढी जातातच.

प्रश्न : मी बारावीला आहे. अक्षांश-रेखांशावरून दोन विमानतळांतले अंतर काढून पाहिले, पण नागपूर-नाशिकचे उत्तर ५७० किलोमीटर आले आणि वेबसाइटवर ५४५ आहे. सूत्र बरोबर आहे, मग चुकते कुठे? (सक्करदरा)

सूत्र बरोबर आहे आणि तुझी आकडेमोडही बरोबर असणार. चूक दशांश स्थळांत आहे.

नागपूर विमानतळ २१.०९ उत्तर, ७९.०५ पूर्व. नाशिकचा ओझर विमानतळ २०.१२ उत्तर, ७३.९१ पूर्व. गोलावरच्या अंतराचे नेहमीचे सूत्र असे : दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार, अधिक दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार गुणिले रेखांशांतील फरकाचा कोसाइन. हे उत्तर येते ०.९९६३२७. त्याचा व्यस्त कोसाइन ४.९१ अंश आणि एका अंशाचे १११.२ किलोमीटर, म्हणजे ५४६ किलोमीटर.

आता तेच ०.९९६३२७ तू ०.९९६ असे लिहिले असशील, तर कोन ५.१३ अंश येतो आणि अंतर बरोबर ५७०. लहान कोनांचा कोसाइन १ च्या अगदी जवळ असतो, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या दशांशातला किरकोळ फरक पुढे पंचवीस किलोमीटरचा होतो. लांबच्या अंतराला हे सूत्र उत्तम आहे. राज्यातल्या राज्यात ते वापरायचे असेल तर कॅल्क्युलेटरवरचा आकडा मध्ये कुठेही कापू नये.

हजार किलोमीटरच्या आतल्या अंतरासाठी सरळ पायथागोरस पुरतो. अक्षांशांतला फरक ०.९७ अंश, गुणिले १११.२, म्हणजे १०७.९ किलोमीटर उत्तर-दक्षिण. रेखांशांतला फरक ५.१४ अंश, गुणिले १११.२, गुणिले मधल्या अक्षांशाचा (२०.६) कोसाइन ०.९३६, म्हणजे ५३५ किलोमीटर पूर्व-पश्चिम. दोन्हींच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ ५४५.८. कोसाइनने गुणायला मात्र विसरायचे नाही. रेखांश ध्रुवाकडे जवळ येत जातात, त्यामुळे आपल्याकडे एका रेखांशाचे अंतर १११ नव्हे, १०४ किलोमीटरच्या आसपास भरते.

आणखी तीन ठिकाणी हमखास चूक होते. २१ अंश ५ मिनिटे म्हणजे २१.०५ नव्हे, २१.०८. मिनिटांना ६० ने भागावे लागते. कॅल्क्युलेटर रेडियनवर असेल तर उत्तर भलतेच येते. आणि शहराचे अक्षांश-रेखांश घेतले तर ते विमानतळाचे अंतर नसते. ओझर नाशिक शहरापासून २० किलोमीटरवर आहे, म्हणजे तेवढ्यानेही उत्तर हलते. एवढे सांभाळूनही दोन-तीन किलोमीटरचा फरक उरला तर त्याचा विचार करू नकोस. पृथ्वी पूर्ण गोल नाही आणि वेबसाइट त्याची दुरुस्ती करून आकडा देतात.

तुला पडताळून पाहायला नागपूरहून आणखी काही अंतरे देतो : रायपूर २७९, इंदूर ३८१, छत्रपती संभाजीनगर ४०४, हैदराबाद ४३३, मुंबई ६८२, कोल्हापूर ७०२, दिल्ली ८५३.

प्रश्न : मुंबईहून नागपूरला येताना विमान लवकर पोहोचते आणि जाताना उशीर होतो, हा निव्वळ योगायोग आहे का? (वर्धा)

योगायोग नाही. त्यात वाऱ्याचा हात आहे आणि मुंबईच्या गर्दीचाही.

हिवाळ्यात उत्तर भारतावरून, ९ ते १२ किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. हाच तो जेट प्रवाह. त्याचा गाभा आपल्या उत्तरेला असतो, पण कडेचा वारा नागपूरच्या आकाशातही चांगलाच जाणवतो. समजा, तो ताशी १०० किलोमीटर आहे. ८३० च्या वेगाने जाणारे विमान मुंबईकडे जाताना जमिनीच्या हिशेबाने ७३० ने सरकते आणि परतताना ९३० ने. मधल्या ३५० किलोमीटरच्या सरळ उड्डाणातच सहा मिनिटांचा फरक पडतो. चढ-उतारातला धरला तर आठ-दहा मिनिटांचा. दिल्लीच्या फेरीत हे फारसे कळत नाही, कारण तिथे वारा बाजूने लागतो.

पावसाळ्यात चित्र उलटते. जुलै-ऑगस्टमध्ये वरच्या थरातले वारे पूर्वेकडून येतात आणि मुंबई-पुण्याकडे जाणाऱ्या विमानाला मदत करतात. मात्र त्या दिवसांत मुंबईच्या पावसाने ती कमाई सहसा खाऊन टाकलेली असते.

मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. उतरायला रांग असली की नियंत्रण कक्ष विमानांना आकाशातच घिरट्या घालायला लावतो. एक घिरटी साधारण चार मिनिटांची. तीन घिरट्या झाल्या की बारा मिनिटे गेली. नागपूरला अशी रांग क्वचितच लागते. म्हणून संध्याकाळी मुंबईला पोहोचून पुढचे काही गाठायचे असेल तर वेळापत्रकावर विसंबू नये, सकाळचे विमान घ्यावे.

प्रश्न : अमरावतीहून मुंबईचे हवाई अंतर नागपूरपेक्षा कमी असूनही विमान जास्त वेळ का घेते? (बडनेरा)

बेलोरा (अमरावतीचा विमानतळ) ते मुंबई सुमारे ५४२ किलोमीटर, म्हणजे नागपूरपेक्षा १४० ने कमी. पण १६ एप्रिल २०२५ रोजी बेलोऱ्याहून जी सेवा सुरू झाली ती एटीआर ७२ या पंख्याच्या विमानाने. त्याचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास आणि ते २५ हजार फुटांच्या वर जात नाही. ५४२ ला ५०० ने भागले तर एक तास पाच मिनिटे होतात, त्यात चढ-उतार, मुंबईची रांग आणि दोन्हीकडचे टॅक्सीइंग (विमानाचे जमिनीवरून सरकणे) मिळवा. वेळापत्रकात पावणेदोन तास दिसतात ते यामुळे.

मोठे विमान का नाही, असाही प्रश्न तुम्ही विचारला आहे. बेलोऱ्याची धावपट्टी १८५० मीटर, नागपूरची ३२००. पूर्ण भरलेल्या एटीआरला साधारण हवामानात उड्डाणाला १३०० मीटर पुरतात. जेट विमानाला तेवढ्या धावपट्टीवर, तेही विदर्भाच्या उन्हाळ्यात, प्रवासी कमी करूनच उडावे लागेल. आणि सत्तरेक आसनांचे विमान रोज भरणे हे १८० आसनांचे विमान भरण्यापेक्षा सोपे आहे. दीडशे-चारशे किलोमीटरच्या फेऱ्यांना तर एटीआरच योग्य. तिथे जेटने वेळ वाचतो तो जेमतेम दहा-पंधरा मिनिटे, आणि इंधन मात्र कितीतरी जास्त जळते.

प्रश्न : मे महिन्यात नागपूरच्या उन्हामुळे उड्डाणाला जास्त वेळ लागतो का? (कामठी)

उड्डाणाच्या वेळेत फरक मिनिट-दोन मिनिटांचा. विमानाला पडणारे कष्ट मात्र पुष्कळ वाढतात.

नागपूर विमानतळ समुद्रसपाटीपासून १०३३ फुटांवर आहे. विमानशास्त्रात त्या उंचीला प्रमाण तापमान १३ अंश मानतात. त्याहून तापमान जितके अंश वर जाईल, तितके दर अंशाला १२० फूट मिळवायचे. ४५ अंशांना फरक ३२, म्हणजे ३८४० फूट. एकूण ४९०० फुटांच्या आसपास. म्हणजे मेच्या दुपारी सोनेगावची हवा विमानाला महाबळेश्वरपेक्षाही उंच ठिकाणच्या हवेइतकी विरळ लागते. पंखाला उचल कमी, इंजिनाला जोर कमी, धावण्याचे अंतर जास्त, चढणे सावकाश. ३२०० मीटर धावपट्टी असल्यामुळे नागपूरला हे निभते. लहान विमानतळांवर अशा दुपारी सामान किंवा प्रवासी कमी करावे लागतात.

वेळ जातो तो अवकाळी ढगांमुळे. एप्रिल-मेच्या दुपारनंतर उठणाऱ्या गडगडाटी ढगापासून विमान साधारण २० सागरी मैल, म्हणजे ३७ किलोमीटर दूर ठेवतात. असे दोन-तीन ढग वाटेत आले की अंतर ६०-७० किलोमीटरने वाढते. मे-जूनमध्ये शक्य असेल तर सकाळी ९ च्या आतले विमान घ्या. हवा शांत असते आणि धक्केही कमी बसतात.

प्रश्न : विमान रद्द झाले तर मिळणारी भरपाई अंतरावर ठरते की भाड्यावर? (धंतोली)

अंतरावर नाही. ब्लॉक टाइम आणि भाडे, दोन्हींवर. डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) नियमात ब्लॉक टाइम एक तासापर्यंत असेल तर ५ हजार रुपये, एक ते दोन तास असेल तर ७,५०० आणि दोन तासांवर १० हजार, किंवा एकेरी मूळ भाडे अधिक इंधन शुल्क, यांपैकी जे कमी असेल ते. नागपूरहून पुणे, मुंबई, दिल्ली हे सारे मधल्या गटात येते. तिकीट २,८०० मूळ भाड्याचे असेल तर साडेसात हजारांची अपेक्षा धरू नये.

ही रक्कम केव्हा मिळते तेही पाहा. रद्द झाल्याचे २४ तास आधीही कळवले नसेल आणि कारण कंपनीच्या हातातले असेल तेव्हाच. धुके, वादळ, विमानतळ बंद या कारणांना भरपाई नाही, पण पैसे परत किंवा दुसरे विमान यांतला पर्याय मिळतो. आणि एक गोष्ट पुष्कळांना नडते : बुकिंगच्या वेळी संपर्काचा तपशील नीट दिला नसेल तर भरपाईचा हक्क जातो. एजंटकडून तिकीट काढता तेव्हा त्याचा नव्हे, तुमचाच मोबाइल क्रमांक टाकायला लावा.

नुसता उशीर असेल तर अडीच तासांपर्यंतच्या ब्लॉक टाइमला दोन तासांच्या उशिरानंतर खाणेपिणे देणे कंपनीला बंधनकारक आहे. सहा तासांहून अधिक उशीर असेल तर दुसरे विमान किंवा पूर्ण परतावा. रात्री ८ ते पहाटे ३ च्या दरम्यान सुटणारे विमान सहा तासांहून जास्त रखडले तर हॉटेलची सोय. हे काउंटरवर मागावे लागते. तिथे दाद लागली नाही तर एअरसेवा या सरकारी तक्रार पोर्टलवर तक्रार करा, आणि उशिराचा संदेश मोबाइलमधून पुसू नका.

प्रश्न : पूर्वी देशभरातली टपालाची विमाने मध्यरात्री नागपूरला येत असत असे वडील सांगत. हे खरे का, आणि नागपूरच का? (महाल)

खरे आहे. १९४९ साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून रात्री एकेक विमान निघे, चारही विमाने सोनेगावला जमत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत जो तो आपापल्या शहरी परते. ही सेवा १९७० च्या दशकात बंद झाली.

नागपूरच का, ते अंतरेच सांगतात. मुंबई ६८२, दिल्ली ८५३, चेन्नई ९०८, कोलकाता ९८५ किलोमीटर. त्या काळच्या डाकोटा विमानाचा वेग ताशी अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटर. सर्वांत जवळच्या मुंबईला अडीच तासांच्या वर, सर्वांत दूरच्या कोलकात्याला पावणेचार तास. म्हणजे चारही विमाने एका रात्रीत येऊन परत जाऊ शकत होती. दुसऱ्या कुठल्याही मोठ्या शहराला हे गणित जमत नव्हते. दिल्ली ठरवली असती तर चेन्नईचे विमान सकाळपर्यंतही परतले नसते.

प्रश्न : नागपूर-कोल्हापूर मुंबईमार्गे जायचे आहे. मुंबईत १ तास १० मिनिटे मिळतात. पुरतील का? (भंडारा)

दोन्ही उड्डाणे एकाच पीएनआरवर (बुकिंग क्रमांकावर) असतील आणि बॅग थेट कोल्हापूरपर्यंत टॅग होणार असेल तर पुरतील. चुकलेच तर पुढच्या विमानाची जबाबदारी कंपनीची.

दोन वेगळी तिकिटे असतील तर नाही. बॅग घ्यायला २० ते ३० मिनिटे जातात, बहुतेक कंपन्यांचे काउंटर सुटण्याच्या ६० मिनिटे आधी बंद होतात, आणि एका टर्मिनलवर उतरून दुसऱ्यावरून निघायचे असेल तर बाहेर पडून रस्त्याने जावे लागते. त्यात वर सांगितलेल्या घिरट्या धरा. वेगळ्या तिकिटांवर किमान तीन तास ठेवा, आणि फक्त हातातली बॅग असेल तर दोन.

थेट ७०२ किलोमीटरचे अंतर मुंबईमार्गे ६८२ अधिक ३०८, म्हणजे ९९० होते. भंडाऱ्याहून सोनेगावपर्यंतचा दीड तास आणि तिथले दोन तास धरून पूर्ण दिवस हाताशी ठेवा. पुण्यापर्यंत विमान आणि पुढे कोल्हापूरपर्यंत गाडी हा पर्यायही एकदा ताडून पाहा. मुंबईत थांबा लांबला तर तोच लवकर पोहोचवतो.